पेनाइल इम्प्लांटनंतर सायकल: वजन कुठे पडतं आणि ते कुठे न्यायचं

प्रश्न असा आहे: तीन भागांचा, फुगवता येणारा पेनाइल इम्प्लांट (ताठरतेसाठी लिंगात बसवायचं कृत्रिम साधन) बसवून दहा आठवडे झाले आहेत. जखम भरली आहे, पंप नीट वापरता येतो. पण सायकलवर दहा मिनिटं बसलं की वृषणकोशाच्या मागे दडपल्यासारखं वाटतं आणि पंप सीट आणि मांडी यांच्यात सापडतो. सायकल सोडून द्यायची का? नसेल, तर नेमकं काय बदलायचं?

सोडायची गरज बहुतेकांना पडत नाही. फक्त पूर्वीचीच सीट आणि पूर्वीचीच बैठक चालेल असं गृहीत धरू नका. सायकल आणि पुरुषांचं लैंगिक आरोग्य हा विषय निघाला की बोलणं रक्तप्रवाहावर येतं: सीटच्या दाबाने लिंगाकडचं रक्त कमी होतं आणि ताठरतेवर परिणाम होतो. इम्प्लांट बसल्यावर ताठरता लिंगात बसवलेल्या सिलिंडरमध्ये पंपाने भरलेल्या द्रवावर अवलंबून असते, त्यामुळे ती काळजी मागे पडते. तिच्या जागी दोन वेगळ्या गोष्टी येतात. शरीरात आता सिलिकॉनचे भाग आहेत आणि त्यातले काही नेमके सीटच्या वर येतात. शिवाय संवेदना वाहून नेणारी नस पूर्वीचीच आहे. ती दबली की इम्प्लांट असो वा नसो, बधिरपणा येणारच. म्हणून सगळी जुळवाजुळव एकाच हेतूने करायची: वजन बैठकीच्या दोन हाडांवर राहिलं पाहिजे, मधल्या मऊ भागावर नाही.

आत कोणता भाग कुठे असतो

लिंगाचा जवळपास निम्मा भाग बाहेरून दिसत नाही. त्यातल्या दोन स्पंजासारख्या नळ्या मागे, शरीराच्या आत जातात, एकमेकींपासून दूर होतात आणि जांघेच्या हाडाच्या कमानीला दोन्ही बाजूंनी चिकटतात. इम्प्लांटचे सिलिंडर या नळ्यांमध्ये शेवटपर्यंत बसवलेले असतात. लांबी जुळावी म्हणून मागच्या टोकाला अनेकदा भरीव सिलिकॉनचे जोडतुकडे लावतात. म्हणजे सिलिंडरचं मागचं, कडक टोक बैठकीच्या हाडांच्या थोडं पुढे, वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात, कातडीखाली काही सेंटिमीटर आत असतं. सायकलच्या सीटचं निमुळतं टोक दाबतं ते इथेच. तुम्हाला दडपल्यासारखं वाटतंय ते बहुधा यामुळेच.

पंप वृषणकोशात असतो, बहुधा दोन वृषणांच्या मध्ये किंवा किंचित एका बाजूला. त्यातून निघणाऱ्या नळ्या लिंगाच्या मुळाशी सिलिंडरकडे जातात. बोटाला त्या ताठ दोरीसारख्या लागतात, आणि ते नेहमीचंच आहे. तिसरा भाग म्हणजे द्रवाची पिशवी. ती जांघेच्या हाडामागे मूत्राशयाजवळ किंवा पोटाच्या स्नायूंखाली ठेवलेली असते. सीटशी तिचा संबंध नाही; पण फार वाकून बसल्यावर पोटावर दाब येतो, तो तिच्यापर्यंत पोहोचतो.

सायकल सुरू करण्याआधी सर्जनकडून चार गोष्टी विचारून घ्या आणि लिहून ठेवा: मॉडेल कोणतं, पंप कोणत्या बाजूला, पिशवी कुठे ठेवली आहे, आणि शस्त्रक्रियेत सिलिंडरच्या मागच्या टोकाजवळ लिंगाच्या स्पंजासारख्या नळीला छिद्र पडलं होतं का. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण सायकलस्वारासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. तसं छिद्र पडलेलं असेल तर मागचं टोक टाक्यांनी किंवा अन्य उपायाने धरून ठेवलेलं असतं. अशा वेळी सीटवर कधी बसायचं हे सर्जनच ठरवेल, पुढचं कुठलंही वेळापत्रक तुम्हाला लागू नाही.

कधी सुरू करायचं

बाहेरचे टाके विरघळले म्हणजे आतलं भरलं असं नाही. शरीर इम्प्लांटच्या प्रत्येक भागाभोवती तंतुमय आवरण तयार करतं. या आवरणामुळेच पंप जागेवर राहतो आणि सिलिंडरची टोकं स्थिर होतात. ते घट्ट व्हायला काही आठवडे ते तीन महिने लागतात. त्याआधी सीटचा दाब आला तर पंप वर सरकू शकतो, रक्त साचून गाठ होऊ शकते, आणि तुम्ही ज्याला नुसती ‘सूज’ समजाल त्यात संसर्गाची सुरुवात लपून राहू शकते. पंप एकदा वर सरकून तिथेच आवरणात अडकला, की तो खाली आणायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

गुंतागुंत नसेल तर साधारण असं चालतं. पहिले सहा आठवडे सीटवर बसायचंच नाही, फक्त चालायचं. सहा ते आठ आठवड्यांच्या तपासणीत पंप मोकळा हलतो, कातडी त्याला चिकटलेली नाही आणि दुखत नाही, हे सर्जनने पाहिलं की सीटची जुळवणी सुरू करायची. आठव्या ते बाराव्या आठवड्यात एक दिवसाआड १० ते १५ मिनिटं, सपाट रस्त्यावर किंवा घरातल्या स्थिर सायकलवर. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवायची, तेही आदल्या फेरीनंतरची अस्वस्थता दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ण गेली असेल तरच. तासाभराच्या फेऱ्या तीन महिन्यांनंतर. खडकाळ वाटा, उड्या, शर्यतीचा सराव सहा महिन्यांपर्यंत नको. जुना इम्प्लांट काढून नवा बसवला असेल, त्या भागाला किरणोपचार झाले असतील किंवा मधुमेह नियंत्रणात नसेल, तर यातला प्रत्येक टप्पा लांबवा.

स्थिर सायकल सुरक्षित समजून लोक तिच्यावर अर्धा-पाऊण तास बसतात. इथे एक फसगत आहे. रस्त्यावर चढ, वळणं, खड्डे येतात, माणूस नकळत सीटवरून उठतो आणि दाब सुटतो. स्थिर सायकलवर तो एकसारखा एकाच जागी राहतो. म्हणून तिच्यावर घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहा.

फेरीआधी गोळी घेऊन दुखणं दाबू नका. या काळात दुखणं हेच तुमचं मोजमाप आहे.

सीट

सर्वांत जास्त फरक सीटने पडतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पहिली चूक म्हणजे मऊ, जाड जेलची सीट घेणं. दुकानात ती सुखाची वाटते. पण बैठकीची हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका सिलिंडरच्या टोकांवर दाबतो. हाडांना आधार देण्याइतकी टणक आणि मध्ये मोकळी अशी सीट हवी.

रुंदी अंदाजाने घेऊ नका. नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा सपाट, टणक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, सायकलवर वाकता तेवढं पुढे वाका आणि अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर दोन खळगे दिसतील; त्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर मोजा. पुरुषांत ते बहुधा १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. वाकून चालवणार असाल तर त्यात १ ते २ सेंटिमीटर मिळवा, ताठ बसून चालवणार असाल तर ३ ते ४. एवढी रुंदी सीटच्या मागच्या भागाला हवी. अरुंद सीटवर हाडं कडेवरून घसरतात आणि सगळं वजन मध्ये येतं. फार रुंद सीट मांड्यांना घासते, माणूस पुढे सरकून निमुळत्या टोकावर बसतो, आणि परिणाम तोच.

आकाराचे तीन पर्याय आहेत. मधोमध आरपार खाच असलेली, आखूड टोकाची सीट बऱ्याच जणांना पुरते. नुसता उथळ खळगा असलेली पुरत नाही, कारण जाड पॅडची शॉर्ट्स तो खळगा भरून टाकते. खाचेची रुंदीही पाहा. अरुंद खाचेच्या कडाच दोन्ही बाजूंच्या सिलिंडरवर दाबतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसरा पर्याय बिनटोकाची सीट. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने अशा सीट वापरायला दिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सायकल चालवताना बधिरपणा येत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं. त्या पोलिसांना इम्प्लांट नव्हते, पण मधल्या भागावरचा दाब कमी होण्याचं तत्त्व तुम्हालाही तेवढंच लागू आहे. अशा सीटवर मांड्यांनी सायकल सावरता येत नाही आणि हातांवर वजन जास्त येतं, म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या जागेत सराव करा. तिसरा पर्याय रिकम्बंट, म्हणजे मागे टेकून पाय पुढे टाकून चालवायची सायकल. तिच्यात मधल्या भागावर वजन जवळजवळ येतच नाही. महाग आणि अवजड असते, पण बाकी सगळं करूनही दुखत असेल तर सायकल सोडण्याआधी ती जरूर चालवून पाहा.

उंची, कल, हँडल

सीट फार उंच असेल तर प्रत्येक पॅडलसोबत कंबर डावी-उजवीकडे हेलकावते आणि मधला भाग सीटवर घासतो. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हावा आणि कंबर न झुकता टाच टेकलेली राहावी. मग पाऊल नेहमीच्या जागी आणल्यावर गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. शंका असेल तर अर्धा सेंटिमीटर खालीच ठेवा.

सीट सपाट ठेवून सुरुवात करा आणि मग पुढचं टोक एकेक अंशाने खाली झुकवून पाहा. तीन अंशांच्या पुढे जाऊ नका. माणूस पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो आणि शेवटी टोकावरच बसतो. टोक वर ठेवणं तर पूर्ण वर्ज्य. बिनटोकाच्या सीटचा कल मात्र तिच्यासोबतच्या सूचनांप्रमाणे लावा, तिचं गणित वेगळं असतं.

हँडल पहिले काही महिने सीटच्या पातळीला किंवा २ ते ५ सेंटिमीटर वर घ्या आणि जवळ आणा. हँडल लांब असेल तर कंबरेचं हाड पुढे फिरतं, वजन बैठकीच्या हाडांवरून सुटून पुढच्या कमानीवर, म्हणजे थेट सिलिंडरच्या मुळांवर येतं. सीट बदलूनही त्रास जात नाही तेव्हा दोष बऱ्याचदा इथे सापडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन फेऱ्या करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या आणि हवा टायरवर छापलेल्या मर्यादेत, पण कमी बाजूला ठेवा. धक्के शोषणारा सीटचा दांडाही उपयोगी पडतो. तो दबतो तेवढी उंची हिशोबात धरून सीट लावा.

निघण्याआधी

इम्प्लांट पूर्ण रिकामा करा. तुमच्या मॉडेलसाठी शिकवलेल्या पद्धतीने पंपावरचं बटण दाबा आणि लिंग हलकेच दाबून उरलेला द्रव परत जाऊ द्या. अर्धवट भरलेला सिलिंडर ताठ असतो आणि पुढून आलेला प्रत्येक दाब मागच्या टोकापर्यंत पोहोचवतो. ‘थोडं भरलेलं असलं तर काय बिघडतं’ असं वाटणाऱ्यांना तासाभराने खोलवर ठणका लागतो, तो यामुळेच.

शॉर्ट्स अंगाबरोबर बसणारी, मध्यम जाडीच्या पॅडची, शक्यतो खांद्यावर पट्टे असलेली घ्या. कमरेच्या घट्ट इलॅस्टिकपेक्षा पट्ट्यांची शॉर्ट्स बरी, कारण ती पोटावर दाबत नाही. आत अंडरवेअर नको, तिची शिवण नेमकी नळ्यांवर घासते. दोन पॅड एकावर एक चढवू नका.

सीटवर बसण्याआधी, उभं असतानाच, लिंग वर पोटाच्या दिशेला आणि वृषणकोश पुढे व वर घ्या. पंप सीटच्या पुढे राहायला हवा; सीट आणि शरीर यांच्यात नाही, मांडी आणि सीट यांच्यातही नाही. मग मागच्या बाजूने बसा, म्हणजे आधी हाडं सीटला टेकवा आणि नंतर पुढे वाका. पुढून मागे सरकत बसलात तर पंप हमखास खाली ओढला जातो. तुमच्या प्रश्नातला पंप सापडण्याचा त्रास बहुधा एवढ्यानेच निम्मा होईल. प्रत्येक वेळी उभं राहून परत बसताना हेच करा. चार-पाच फेऱ्यांत सवय होते.

चढण्या-उतरण्याचंही तसंच. पाय मागून फिरवताना वृषणकोश सीटवर आपटू शकतो, म्हणून सायकल स्वतःकडे तिरकी करून पाय टाका. मधला दांडा खाली असलेली सायकल मिळाली तर पहिलं वर्ष तीच वापरा; अचानक थांबताना पाय घसरला तरी दांड्यावर आदळायची भीती राहत नाही.

मलम लावायचं तर मेन्थॉल नसलेलं, आणि फक्त अखंड कातडीवर. त्या भागाचे केस वस्तऱ्याने काढू नका, कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा. वृषणकोशाच्या कातडीवरची बारीक जखमही इम्प्लांट असताना क्षुल्लक नसते.

चालवताना

दर दहा मिनिटांनी २० ते ३० सेकंद पॅडलवर उभं राहा. खड्डा, गतिरोधक, खडबडीत पट्टा दिसला की आधीच उठा, गुडघे आणि कोपर सैल ठेवा. हलका गिअर लावून सावकाश पॅडल मारताना सगळं वजन सीटवर असतं. थोडा जड गिअर लावला की पायांवर काही वजन जातं. बॅटरीच्या सायकलवर यासाठीच जपा: मोटर ढकलते, पाय मोकळे राहतात आणि माणूस सीटवर पूर्ण भार टाकून बसतो. मदतीची पातळी कमी ठेवा.

बधिरपणा आला तर ‘पुढच्या वळणापर्यंत’ असं म्हणू नका, उतरा. काही मिनिटांत संवेदना परत आली तर हळूहळू घरी या आणि पुढच्या फेरीआधी जुळवणी बदला. दोन फेऱ्यांत लागोपाठ तसंच झालं तर ती सीट तुमच्यासाठी नाही.

फार वाकून चालवताना मांड्या पोटावर दाबतात आणि क्वचित पिशवीतला द्रव आपोआप सिलिंडरकडे सरकतो. आताच्या बहुतेक मॉडेलांत हे रोखणारी झडप असते, तरी पूर्ण रोखलं जातंच असं नाही. ताठरपणा जाणवला तर थांबा, आडोसा बघून रिकामा करा, हँडल वर घ्या. वारंवार होत असेल तर सर्जनला दाखवा.

मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे त्या भागातली संवेदना कमी असेल, तर ‘दुखेल तेव्हा थांबू’ हा नियम चालत नाही, कारण दुखणारच नाही. घड्याळावर चाला आणि प्रत्येक फेरीनंतर आरसा घेऊन कातडी पाहा: वृषणकोशाची मागची बाजू, लिंगाचं टोक, जांघांच्या घड्या. अर्ध्या तासाने न गेलेली लाली म्हणजे दाब जास्त झाला.

लवचिक कांडीचा इम्प्लांट आणि कृत्रिम झडप

काहींना फुगवायच्या सिलिंडरऐवजी वाकवता येणाऱ्या कांड्यांचा इम्प्लांट बसवलेला असतो. तो रिकामा करता येत नाही, कायम भरीव असतो. लिंग वर पोटाशी वळवून ठेवा. खाली वाकवून मांडीत किंवा सीटखाली कधीच नको. शॉर्ट्सचा कपडा टोकाला ताणून दाबत नाही ना पाहा, कारण सततच्या दाबाने टोकाजवळची ऊती झिजू शकते. इथे किंचित सैल शॉर्ट्स बरी.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना लघवी रोखणारी कृत्रिम झडपही बसवलेली असते. तिचं कडं मूत्रमार्गाभोवती, बहुधा सीटच्या टोकाच्या अगदी वर असतं. त्यावरच्या दाबाने मूत्रमार्ग झिजू शकतो. अशांनी नेहमीची टोकाची सीट वापरू नये. बिनटोकाची सीट किंवा रिकम्बंट, आणि तीही सर्जनच्या परवानगीनेच.

केव्हा थांबून दाखवायचं

फेरीनंतरचं हलकं दडपण २४ तासांत जायला हवं. ते टिकलं, किंवा सगळं शांत झाल्यावर काही आठवड्यांनी नव्याने दुखू लागलं, तर सायकल बंद करून तपासून घ्या. पंपावरची कातडी त्याला चिकटणं, पातळ-चकचकीत होणं किंवा लाल होणं, कुठूनही स्राव, ताप, लघवीत रक्त, लिंगाच्या टोकाशी कांडी किंवा सिलिंडर अगदी कातडीखाली जाणवणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. पंप दाबूनही सिलिंडर भरत नसेल तर द्रवाची गळती असू शकते. ती तातडीची नाही, पण सारखं दाबून पाहू नका.

वृषणकोशावर फोड आला तर पिळू नका. दांड्यावर आदळून सूज आली तर कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं लावा आणि त्या दिवशी इम्प्लांट फुगवून पाहू नका. जिथे जाल तिथे पहिलं वाक्य ‘मला पेनाइल इम्प्लांट आहे’ हे बोला. सूज म्हणून कोणी सुई घालून पाणी काढायला गेलं तर पंप किंवा नळी फुटू शकते. लघवीची नळी घालायची वेळ आली तर आधी सिलिंडर रिकामे हवेत. इम्प्लांटसोबत मिळालेलं कार्ड सायकलच्या पिशवीत ठेवा, आणि त्याचा फोटो फोनमध्येही.